हौदातले भाडेकरू

दर्ग्याचा हौद आरशासारखा ठेवायचा, ही शकीलाबीची ऐट होती. जुन्या नहरीचं पाणी त्यात सावकाश पडत राही. दरवर्षी उरुसाआधी ती हौद उपसायची, काथ्यानं भिंती घासून चुना फासायची. शेवाळ जाई, त्याला चिकटलेल्या काळ्या गोगलगायीही जात. त्या ती पाटीत भरून उकिरड्यावर टाकून द्यायची.

यंदा कॉलेजात शिकवणारी संध्या हौदाच्या काठावर येऊन बसली. "आपा, ही गोगलगाय आता आसपास कुठंच सापडत नाही. या हौदात तेवढी उरलीय. चुना नको."

"आन् उरुसाला हौद हिरवा दिसला तर? लोक नावं मलाच ठेवतील, तुला नाय!"

तरी चुन्याची पिशवी तिनं बांधून ठेवली. घासण्याआधी एकेक गोगलगाय बोटानं सोडवून घंगाळात घेतली. या पाहुण्यांना नहरीचं गढूळ पाणी कसं द्यायचं? घरी नळ आठवड्यातून एकदा येतो. त्यातलं पिण्याचं पाणी तिनं माठातून काढून घंगाळात ओतलं.

दुपारपर्यंत सगळ्या गोगलगायींनी आपापल्या शंखांची झाकणं घट्ट मिटून घेतली होती. संध्यानं पाण्याचा वास घेतला. "आपा, नळाचं? त्यात जंतू मारायचं औषध असतं."

शकीलाबीनं घंगाळात वाकून पाहिलं. इतकी वर्षं पाट्याच्या पाट्या फेकताना तिला काही वाटलं नव्हतं. आज माया करून मारलं, ते काही केल्या गिळवेना.

तिनं ते पाणी ओतून दिलं. घंगाळ नहरीखाली धरलं, आत शेवाळलेली वीट ठेवली. हौदाच्या तीन भिंती घासल्या. नहरीखालच्या चौथीला हात लावला नाही.

सकाळी पाहिलं, तर निम्म्या तशाच मिटलेल्या. पण बाकीच्यांची झाकणं उघडली होती, विटेवर इवलीशी शिंगं हलत होती. तिनं त्यांना ओंजळीनं चौथ्या भिंतीवर नेऊन सोडलं.

उरुसात फुलं विकणारा बद्रीनाथ वाकून बघत म्हणाला, "भाभी, म्हातारपण आलं म्हणायचं. एक भिंत घासायची राहिली की!"

"राहिली नाय, ठेवलीय. तिथं भाडेकरू आहेत. भाडं देत नाहीत, पण भांडत बी नाहीत."

तो आणखी वाकला. हिरव्या ओलीवर मोहरीएवढे ठिपके सरकत होते.

"पोरं झाली व्हय यांना?"

पाय धुवायला आलेल्या माणसांना शकीलाबी हात करून सांगत होती, "पलीकडं या, बाबा. ही बाजू भरलीय."