बाईंचा बांगलादेश

चष्म्याची काडी माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर टेकवून बाई म्हणायच्या, "हे उगाच सोपं झालंय. खोडा."

वाक्य त्यांचंच असायचं. आदल्या दिवशी त्यांनीच फुलस्केप कागदावर लिहून आणलेलं. मी फक्त टाइप केलेलं. पण टाइप झाल्यावर बाईंना ते परक्याचं वाटायचं आणि परक्याला त्या माफ करत नसत. मी खोडायचो. त्या स्टुलावर बसून पुन्हा लिहायच्या. मागे दाखल्यांच्या झेरॉक्ससाठी रांग वाढत जायची.

दौंड स्टेशनबाहेर माझं टायपिंगचं दुकान आहे. माझ्याकडे भाडेकरार येतात, प्रतिज्ञापत्रं येतात, लग्नपत्रिकांचे मजकूर येतात. एक बाई कापडी पिशवीतून बांगलादेशाचा इतिहास काढून काउंटरवर ठेवतील, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

"किती पानं आहेत?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. अजून चालू आहे."

"लिहिणं?"

"नाही हो, इतिहास."

तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल. सगळं गाव एका दिशेला तोंड करून उभं असतं आणि हे माणूस भलतीकडेच बघत असतं. लोक आधी हसतात, मग सवय होते. बाईंची दौंडला सवय झाली होती. कुणी विचारलं, "काय बाई, कुठवर आला तुमचा बांगलादेश?" तर त्या सरळ उत्तर द्यायच्या, "बावन्न सालापर्यंत." विचारणारा चहाचा कप घेऊन निघून जायचा.

बाई खुटबावच्या शाळेत इतिहास शिकवायच्या. रोज सकाळच्या गाडीने जायच्या, संध्याकाळी परत यायच्या. लग्न केलं नव्हतं. वडील टपालगाडीत पत्रांची वर्गवारी करायचे. एकाहत्तर साली बाई दहा वर्षांच्या होत्या. तेव्हा प्रत्येक पत्रावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं आणखी एक तिकीट लावावं लागे, निर्वासितांच्या मदतीसाठी. वडिलांच्या हाताखालून तशी हजारो पत्रं जायची. मुलीने विचारलं, हे दुसरं तिकीट कशाला? वडील म्हणाले, "तिकडची माणसं आपल्या भाषेपायी घरदार सोडून आलीत. त्यांच्यासाठी." बाईंना हे उत्तर पटलं, पण पुरलं नाही. एवढीशी भाषा, तिच्यासाठी माणूस घर कसं सोडेल?

ते विसरून गेल्या असत्या. पण पुढे शाळेच्या पुस्तकात एक ओळ आली, 'बांगलादेशाची निर्मिती झाली.' बाईंनी ती वाचून दाखवली, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, निर्मिती झाली म्हंजी? कुनी केली?"

"मी तिला म्हटलं, उद्या सांगते," बाई मला सांगायच्या. "दुसऱ्या दिवशी मला सांगता येईना. मला फक्त लढाई माहीत होती. आपलं सैन्य गेलं, पाकिस्तान हरलं, एवढंच. त्या लोकांनी काय केलं, ते मला एका वाक्यातही सांगता येईना."

तिथून सुरुवात झाली. इंग्रजी पुस्तकं वाचून झाली. मग त्यांच्या लक्षात आलं की ज्यांनी भाषेसाठी जीव दिला त्यांच्याबद्दल आपण तिसऱ्याच भाषेत वाचतोय. पन्नाशी उलटल्यावर बाई बंगाली शिकल्या. शिकवणारा माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, दागिन्यांच्या कारखान्यात होता. हसन, हुगळी जिल्ह्यातला सोन्याचा कारागीर. आपल्याकडच्या सराफांचे बरेचसे दागिने ही बंगाली पोरंच घडवतात. हसन पाचवीपर्यंत शिकलेला. अंगठीचा सांधा डाग देऊन जोडता जोडता तो उच्चार सांगायचा आणि बाई वहीत लिहून घ्यायच्या. त्याने चुकीला "ठीक आहे, चलेगा" म्हटलं की बाई चिडायच्या. "चलेगा नाही. मी शाळेत कुणाला 'चलेगा' म्हटलेलं नाही."

एकदा मी शहाणपणा केला. भाषेवरचं प्रकरण टाइप करून झालं होतं. उर्दूच चालेल असं कराचीतून फर्मान आलं, ढाक्यात पोरं रस्त्यावर उतरली, गोळीबार झाला, बावन्न सालची एकवीस फेब्रुवारी. मी म्हणालो, "म्हणजे बाई, धर्म हरला आणि भाषा जिंकली, असंच ना?"

"उगाच सोपं करू नका. ती पोरं शुक्रवारी नमाजला जात होती. त्यांना दोन्ही हवं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की मुसलमान असण्यासाठी आम्ही बंगाली असणं सोडणार नाही. आणि मग देश झाला, तर डोंगरातले चाकमा म्हणाले, आमची भाषा वेगळी, आम्ही बंगाली नाही, आमचं काय? त्यांना उत्तर नीट मिळालं नाही. फाळणीत बिहारहून तिकडे गेलेले आणि मग छावण्यांत अडकलेले उर्दूवाले, त्यांनाही नाही. पुढचं प्रकरण त्यांचं आहे."

"मग त्या देशाचं नक्की काय आहे म्हणायचं?"

"तेच तर ते पन्नास वर्षं भांडून ठरवतायत. आपण बंगाली आधी की बांगलादेशी आधी. घटनेत आधी निधर्मी लिहिलं, मग पुसलं, मग राज्याचा धर्म लिहिला, मग निधर्मीही परत आणलं. दोन्ही शब्द एकाच घटनेत. तुम्ही हसताय, पण आपल्या घरात असं नसतं का?"

मी हसणं बंद केलं.

अशात एक दिवस हसन खाली आला. तोंड उतरलेलं. तो, बायको आणि लहान मुलगी दौंडमध्येच दोन खोल्यांत राहायचे. घरमालकाने रविवारपर्यंत खोल्या सोडायला सांगितलं होतं. गल्लीत चर्चा उठली होती की हे बांगलादेशी आहेत.

घरमालक खुटबावचा. शेती भावाकडे देऊन दौंडला स्थायिक झालेला. बाईंच्या हातचा विद्यार्थी. बाई म्हणाल्या, "दुकान दहा मिनिटं बंद ठेवता का?" मी शटर ओढलं आणि बरोबर गेलो.

मालक ओट्यावर बसला होता. बाईंना बघून उठला, खुर्ची पुढे केली. बाई बसल्या नाहीत.

"याला का काढतोस?"

"बाई, माझं काय वैर हाय का त्याच्याशी? भाडं टायमावर देतो. पर लोक बोलत्यात. बांगलादेशी हायत म्हनं."

"आधार कार्ड पाहिलंस?"

"कागद काय, खोटंबी निघत्यात. मोबाईलवर आलंय बाई. वळखायचं कसं ते. हिंदुस्थानातलं बंगाली पान्याला 'जोल' म्हनत्यात, आन् बांगलादेशी 'पानी' म्हनत्यात. हेची पोरगी आमच्या हिला 'पानी दाओ' म्हनली. आमी सोता ऐकलं."

बाईंनी चष्मा काढला. पदराने पुसला. पुन्हा लावला.

"तू काय म्हणतोस रे पाण्याला?"

मालक गडबडला. "आमी... पानीच म्हनतो की."

"तुझी आई?"

"पानीच."

"मग तुम्ही कधी आलात तिकडून?"

शेजारच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या आजोबांना खोकल्याची उबळ आली. ते हसत होते हे उघड होतं. मालक मात्र हसला नाही. त्याचे कान लाल झाले.

बाई त्याच्यासमोर पायरीवर बसल्या. आवाज खाली आणून, वर्गात कच्च्या मुलाला समजावतात तसं म्हणाल्या, "अरे, बंगालमधले मुसलमान इकडेही पानी म्हणतात आणि तिकडेही. शेकडो वर्षं. त्यावरून देश कळत नाही, घर कळतं. मला आठ दिवस दे. मी पुरावा आणते. नाही आणला तर बोल."

हे एवढ्यावर मिटलं नाही. दोन दिवसांनी गल्लीतली चारजणं मालकाकडे जाऊन आली. हसनची बायको मुलीला घराबाहेर सोडेना. बाईंनी त्या मायलेकींना स्वतःच्या घरी आणलं आणि दार उघडं ठेवून ओसरीवर बसल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून. इकडे रोज माझ्या दुकानातून हसनच्या गावच्या शाळेला फोन. मुख्याध्यापक आधी बोलायलाच तयार नव्हते. दौंड नावाच्या गावाहून एक मराठी बाई आपल्याशी व्याकरणशुद्ध बंगालीत भांडते आहे, हे त्यांना खरं वाटेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी जुनी रजिस्टरं काढली. हसनच्या बापाचं नाव सापडलं. मग आजोबाचंही. उतारा शिक्क्यानिशी टपालाने आला.

बाई तो घेऊन पुन्हा मालकाच्या दारात.

"बाई, कागद ऱ्हाऊ द्या," मालक म्हणाला. "तुमी म्हनताय ना, बास झालं."

"मी म्हणते म्हणून नको. वाच."

"मला कुठं बंगाली येतंय?"

"मग मी वाचते. तू ऐक."

आणि बाईंनी तो सगळा उतारा, शाळेच्या नावापासून शिक्क्यावरच्या अक्षरांपर्यंत, आधी बंगालीत आणि मग मराठीत वाचून दाखवला. मालक हात बांधून उभा होता. हसन कुटुंबासकट त्या खोल्यांत परत गेला. तो आजही तिथेच राहतो.

पुस्तक पुरं झालं. पुण्यातल्या एका लहान प्रकाशकांनी ते घेतलं. मुखपृष्ठ झालं, मुद्रितं तपासून झाली. छपाईला जायला आठवडा उरला असेल, आणि ढाक्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. दोन हजार चोवीसचा तो पावसाळा. बाई रोज दुकानात यायच्या. तिकडची वर्तमानपत्रं मी नेटवरून छापून द्यायचो. किती मुलं गेली ते वाचताना त्यांचे ओठ हलायचे. ऑगस्टमध्ये पंतप्रधान देश सोडून गेल्या. ज्यांच्या नावाने देश उभा राहिला त्या त्यांच्या वडिलांचे पुतळे त्याच देशातल्या लोकांनी पाडले. देवळांवर हल्ले झाले, हिंदूंची घरं जाळली गेली. आणि काही ठिकाणी मुसलमान मुलं देवळाबाहेर पहारा देत बसली.

दौंडमध्ये ज्याला त्याला बोलायला निमित्त मिळालं. "काय बाई, बघितला का तुमचा बांगलादेश?"

"बघितला," त्या म्हणायच्या. "तोंड फिरवणार नाही."

प्रकाशक म्हणाले, आहे तसं छापू, नवीन घडलंय ते पुढच्या आवृत्तीत घेऊ. बाईंनी पुण्याची गाडी पकडली आणि हस्तलिखित परत आणलं. मला राग आला. इतक्या वर्षांची मेहनत, माझीही. मी म्हणालो, "बाई, इतिहास काय थांबणार आहे का तुमच्यासाठी?"

"नाही. पण जी मुलं मेली, त्यांच्याबद्दल एक ओळ नसलेलं पुस्तक मी आपल्या मुलांच्या हातात देणार नाही. जाळलेली घरंही लिहीन, पहारा देणारी पोरंही लिहीन. एक लिहून दुसरं गाळलं तर मी कसली शिक्षक?"

दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. जीभ जड झाली. मी दवाखान्यात गेलो तेव्हा त्यांनी डाव्या हाताने खूण करून वही मागितली. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहून घेतो. त्यांनी मान हलवली. बोलायला त्रास व्हायचा, आणि सांगितलेलं आपण नीट तपासत नाही, असं त्यांचं मत होतं.

हसनच्या मुलीची दुरेघी वही त्यांनी मागवून घेतली. डाव्या हाताने अक्षरं गिरवायला लागल्या. 'क' उलटा व्हायचा, वेलांटी ओळीबाहेर जायची. पंधरा दिवस नुसतं गिरवणं. मग एक ओळ. मग रोज पाच ओळी. फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली, "आजी, हाताला विश्रांती द्या." बाई तिच्याकडे बघून अर्ध्या तोंडाने हसल्या आणि सहावी ओळ लिहिली.

ते प्रकरण मी टाइप केलं तेव्हा कुठेच खाडाखोड नव्हती. शेवटची ओळ होती, 'पुढे काय होईल ते मला माहीत नाही. पण काय झाले ते मी पाहिले आहे.' प्रकाशकांना ती खटकली. इतिहासात 'मी' नको, म्हणाले. मी बाईंना विचारलं. त्यांनी वहीवर मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलं, 'राहू दे.'

मुद्रितं त्यांनी पाहिली. पुस्तक नाही पाहिलं. दुसरा झटका उन्हाळ्यात आला.

पुस्तकाचा गाजावाजा झाला नाही. खुटबावच्या शाळेत एक प्रत आहे. एक घरमालकाने नेली. अजून वाचतोय म्हणतो. पाटसला नांदणाऱ्या एका बाईने माझ्याकडून मागवून घेतली. ती कधीकाळी मागच्या बाकावर बसायची.

बाईंचं घर भाच्याने विकलं. भांडीकुंडी गेली, कपाट गेलं. बंगाली पुस्तकांचं काय करायचं, ते त्याला कळेना. वाचनालयाने घेतली नाहीत, इथे ती वाचणार कोण? हसन आणि त्याचे तीन कारागीर येऊन ती गोणपाटात घालून घेऊन गेले.

आता दुपारी जेवणं झाली की वर ठोकण्याचा आवाज अर्धा तास थांबतो. हसन मोठ्याने वाचतो. अडखळत, अक्षराला अक्षर जोडत. मध्येच दुसरा कुणी दुरुस्त करतो, मग वाद होतो, मग पुन्हा तीच ओळ पहिल्यापासून. मला त्यातलं फारसं कळत नाही. मी खाली मशीन बंद करून ऐकत बसतो.