पाकिटातला दुसरा कागद

पोस्टमास्तरीणबाईंना मनातल्या मनात वाचणं मंजूर नव्हतं. हातात कागद आला की त्या उभ्या राहत, घसा खाकरत आणि मोठ्यानं वाचत. विजेचं बिल, चर्चचं पत्रक, खोकल्याच्या बाटलीवरची सूचना, काहीही. माझी रजा नामंजूर झाल्याचं पत्र मी एकदा टेबलावर उघडं टाकलं होतं, तेही त्यांनी दारात आलेल्या टपालवाल्याला वाचून दाखवलं. "चाळीस वर्षं पोस्टात लोकांची बंद पाकिटं हाताळली, डॉक्टर," त्या म्हणाल्या, "आत काय आहे ते एकदाही कळलं नाही. आता जे उघडं दिसेल ते मी वाचणार."

आयर्लंडमध्ये नवा आलो तेव्हा नावन नावाच्या गावी त्यांच्या घरातल्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहत होतो. जवळच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होतो. आमच्या धंद्यात समोरचा माणूस बोलू लागला की आपण त्याला झोपवायचं असतं, त्यामुळे संभाषण या कलेत मी कच्चाच राहिलो. लग्नासाठी पाहिलेल्या दोन मुलींनीही साधारण हेच कारण कळवलं होतं. त्या देशात सगळं काही 'ग्रँड', म्हणजे छान असतं, हा शब्द मी पहिल्याच आठवड्यात उचलला आणि बाकी इंग्रजीला सुट्टी दिली. जेवण कसं होतं? ग्रँड. थंडी बाधली का? ग्रँड.

बाईंच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात नोराची पत्रं होती. नोरा म्हणजे बाईंच्या पणजीची बहीण. एकोणिसाव्या शतकात ती जहाजानं अमेरिकेला गेली, बॉस्टनला एका घरी स्वयंपाकाला राहिली आणि तिथून आईला पत्रं लिहीत राहिली. परत कधी आली नाही. दर रविवारी चर्चहून आल्यावर बाई चहा ठेवत आणि एक पत्र वाचत. मालकिणीबरोबर नोरा आगगाडीनं शिकागोपर्यंत गेली ते पत्र मी निदान दहा वेळा ऐकलं असेल. खिडकीबाहेर दिवसभर नुसता मका, एकही दगडी कुंपण नाही, याचं नोराला फार नवल वाटलं होतं. बाई मध्येच थांबून तिला दटावत, "अगं, डोकं बाहेर काढू नकोस!"

प्रत्येक पत्राची सुरुवात ठरलेली. देवाच्या कृपेनं मी खुशाल आहे, तुम्हीही सगळे खुशाल असाल अशी आशा आहे. मी उत्साहानं सांगितलं की आमच्याकडेही अगदी असंच, इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे. बाई म्हणाल्या, "म्हणजे खोटं बोलायची रीत दोन्हीकडे सारखीच आहे."

घरातलं वायफाय फक्त स्वयंपाकघरात नीट चाले, म्हणून आईला माझा रविवारचा व्हिडिओ कॉलही तिथूनच होई. बाबा गेल्यापासून आई पुण्याला दादाकडे असते. तिकडे चहाची वेळ. फोन पोह्यांच्या डब्याला टेकवलेला, समोर दादा, वहिनी, पुतण्या आणि कडेला आई. दादा गाड्यांबद्दल बोले, वहिनी सोसायटीबद्दल. शेवटी आईची पाळी. "आमचं सगळं उत्तम. तू जेवलास का?" मी जेवलेलो असे. कॉल संपे.

एका रविवारी कॉल संपल्यावर बाईंनी विचारलं, "तुझी आई तुझ्याशी कधी बोलते?"

"आत्ताच तर बोलली."

"बोलताना ती तुझ्याकडे बघत नाही. दर वेळी बाजूला बघते. तिला सगळ्यांसमोर बोलता येत नाही, डॉक्टर."

मराठीचं एक अक्षर न कळणाऱ्या बाईनं मला माझी आई समजावून सांगावी, हे काही मला रुचलं नाही. आमच्यात कसं सगळं एकत्र असतं, कुणापासून काही लपवायचं नसतं, यावर मी त्यांना दहा मिनिटं व्याख्यान दिलं. दोन वर्षांत मी सलग इतका बोललो नव्हतो. बाईंनी ते शांतपणे ऐकलं, "ग्रँड," म्हणाल्या आणि डबा काढला.

त्या दिवशी त्यांनी नोराचं एक पाकीट उलटं करून झटकलं. आतून चार घड्या घातलेला, बोटभर कागद पडला. अमेरिकेचं पत्र आलं की तेव्हा सगळी वाडी चुलीपाशी जमायची आणि ते मोठ्यानं वाचलं जायचं. म्हणून लिहिणारी माणसं मनातलं वेगळ्या चिठोऱ्यावर लिहीत. नोराची आई आधी पाकीट झटकून तो कागद ॲप्रनमध्ये टाकायची आणि मग मोठं पत्र वाचायला द्यायची. हा कागद मात्र बाईंनी वाचला नाही, माझ्या हातात ठेवला. "आई, फाटकाशी रडू नकोस म्हणालीस, म्हणून मी तिथं रडले नाही," असं त्यावर होतं. "त्यानंतर अजून थांबलेले नाही."

बुधवारी मला सुट्टी होती. दादा-वहिनी ऑफिसात असतील अशा वेळी मी आईला साधा फोन लावला.

"काय झालं?" ती घाबरून म्हणाली. "कुणाला काही झालं का?"

वेळापत्रक सोडून मुलाचा फोन आला तर कुणीतरी गेलं असणार, एवढी माझी ख्याती. काही झालं नाही म्हटल्यावर तिनं विचारलं, तू जेवलास का. पुढे काय बोलावं ते मला सुचेना, म्हणून ऑपरेशनच्या आधी रुग्णाला विचारतो तेच प्रश्न सुरू केले. चालताना दम लागतो का? दात हलतो का? नवीन काही त्रास?

"मला झोपवतोस की काय रे?" आई हसली. "डोळ्यांचं जरा आहे," ती म्हणाली. "समोरचं मधोमध काळं दिसतं. दिवाळीपासून. तुझं तोंड दिसत नाही मला फोनवर. जरा बाजूला बघितलं की कडेनं दिसतोस थोडासा."

बाईंचा अंदाज चुकला होता. आई बाजूला बघत होती ती मला बघायला. आणि डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागातल्या बिघाडाचं हे लक्षण वैद्यकीच्या कुठल्याही विद्यार्थ्यानं ओळखलं असतं. मी दर रविवारी ते समोर पाहत होतो आणि जेवलो म्हणून सांगत होतो.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं आणि तू आला नसतास, तर?" आई म्हणाली. "त्यापेक्षा न सांगितलेलं बरं."

मी गेलो. नामंजूर रजा भांडून मंजूर करून घेतली, हे माझ्या आयुष्यातलं दुसरं लांब भाषण. डोळ्यांत इंजेक्शनं सुरू झाली. उजव्या डोळ्याचं गेलं ते गेलं, डावा वाचला. आता आई माझ्याकडे सरळ बघते आणि बारीक झालास म्हणते. बुधवारचा फोन मात्र फक्त आमचा दोघांचा.

पुढे मला गॉलवेला कायमची नोकरी मिळाली. निघताना बाई फाटकाशी उभ्या होत्या. सामानाच्या व्हॅनवर लिहिलेला मजकूर त्यांनी फोन नंबरासकट मोठ्यानं वाचला. मी हात हलवला. दोघंही रडलो नाही.

महिन्याभरानं त्यांचं पत्र आलं. देवाच्या कृपेनं त्या खुशाल होत्या, मीही तसाच असेन अशी त्यांना आशा होती. सफरचंदं बरी धरली होती, टपालवाल्यानं कुत्रा पाळला होता. मी ते आईला फोनवर उभं राहून, घसा खाकरून वाचून दाखवलं, मराठी करून. आई खूप हसली. मग म्हणाली, "जाऊन ये रे एकदा त्यांच्याकडे." जाईन म्हटलं. गॉलवेहून नावन गाडीनं अडीच तास. पाकीट खणात ठेवलं.

सफरचंदांचा पुढचा बहर यायच्या आत बाई गेल्या. तिथल्या रीतीप्रमाणे त्यांना अंत्यदर्शनासाठी घरीच ठेवलं होतं. मी अडीच तास गाडी चालवत गेलो आणि त्याच स्वयंपाकघरात सँडविच हातात धरून उभा राहिलो. कुणीतरी विचारलं, कसा आहेस? ग्रँड, म्हटलं.

परत आल्यावर ते पत्र पुन्हा एकदा मोठ्यानं वाचावंसं वाटलं. पाकिटातून ओढून काढलं, तेव्हा त्याच्यामागोमाग चार घड्या घातलेला, बोटभर कागद जमिनीवर पडला.

"डॉक्टर, घर फार शांत झालंय. एखाद्या रविवारी ये. आईला फोन इथूनच लाव. मला ते वायफाय कशालाच लागत नाही, पण बंद केलेलं नाही."

हा कागद मी अजून कुणाला मोठ्यानं वाचून दाखवलेला नाही. बुधवारी आईला सांगितलं, तेवढंच. हल्ली घरी आलेलं प्रत्येक पाकीट मी उलटं करून झटकतो, विजेच्या बिलाचंसुद्धा.