शैलाचं राहिलेलं सोंग

कागद चिकटवायची खळ शिजल्याचा वास आला की २०१६ सालची डहाणूतली एक दुपार आठवते. मी शाळेतल्या मुलांसाठी कागदाची माणसं कापत होतो. बोंबलाच्या नाकाची कोळीण, पपईच्या पोटाचा रिक्षावाला. शेजारी माझी बायको शैला एक डोळा मिटून, चिकूची साल नखाने खरवडत आत हिरवा आहे का ते बघत होती.

“सगळ्या गावाची सोंगं काढलीत. माझं एक काढा की!”

“तुझ्यात काय आहे सोंग काढण्यासारखं?” मी मान वर न करताच म्हणालो.

“तेही खरंच,” ती म्हणाली आणि तिने पुढचा चिकू उचलला.

तो मिटलेला डोळा बाजारात दुसऱ्या कुणाचा दिसला असता, तर मी धावत घरी येऊन कात्री घेतली असती. आता शैला नाही. आज कागदातून तिचं सोंग कापायला बसलो, पण ती हसायची कशी, ते मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.