मौलाभाईंची कोलोस्टॉमी

आमच्या शेजारचे मौलाभाई गाद्या भरत्यात. शिराळ्यात लगीन ठरलं की आधी त्यास्नी गादी सांगायची, मग मंडपवाल्याला. माणूस लय बोलघेवडा. गिऱ्हाईक आलं की गादी राहिली बाजूला, गप्पाच सुरू.

मागल्या वर्साला सांगलीत त्यांचं आपरेशन झालं. डॉक्टर कोलोस्टॉमी म्हनून गेले. त्यांची बायको सलिमाभाभी माझ्याकडं बगायला लागली, "रंगुबाई, म्हंजी काय वं?" मला तरी कुठं ठावं! शेवटी नर्सबाईनं समजावलं. मोठ्या आतड्याला कोलन म्हनत्यात. त्यातली गाठ काढली आनि उरल्या आतड्याचं तोंड पोटावर काढलं. आता संडास तिथनं, चिकटवलेल्या पिशवीत. कायमचं.

घरी आल्यापास्नं मौलाभाई मुके झाले. पिशवी कवा आवाज करंल ह्याचा नेम न्हाई, म्हनून चार माणसांत बसायचंच सोडलं. मी म्हनलं, "आवं, पोट कुनाचं गुरगुरत न्हाई?" तर उठून आत गेले. मला रागच आला. जीव वाचला त्याचं काय न्हाई, आनि आवाजाची लाज!

मग अर्फाचा निकाह आला. एकुलती लेक. त्यांच्यात नवरी राजी हाय का, हे इचारायला वकील येतो. कोर्टातला न्हवं, घरचाच मोठा माणूस. दोन साक्षीदार घिऊन बायकांच्या खोलीत येतो, नवरी व्हय म्हनली की मगच पुढचं. अर्फाला वाटलं हुतं, अब्बाच येतील. मौलाभाईंनी ते मेव्हण्याच्या गळ्यात घातलं. वर आवाज नको म्हनून आदल्या दिसापास्नं अन्नाला शिवले न्हाईत. रिकाम्या पोटात वारा जास्तच धरतो, हे त्या शहाण्याला कोन सांगनार?

मी अर्फाच्या शेजारीच बसले हुते. मामानं इचारलं. पोरगी दाराकडं बगत ऱ्हायली. पुन्यांदा इचारलं, तवा म्हनली, "अब्बा इचारतील, तवाच सांगीन."

निरोप गेला. लय येळानं मौलाभाई आले, पोटावर हात दाबून. "बेटी," एवढंच म्हनले आनि पिशवी वाजली. भरल्या खोलीत, चांगली लांबलचक. त्यांचं तोंड एवढंसं झालं. माघारी वळनार, तेवढ्यात अर्फानं त्यांचा पोटावरचा हात आपल्या मेंदीच्या हातांत धरला.

"इचारा, अब्बा."

त्यांनी इचारलं. पोरगी कबूल म्हनली. माझ्या डोळ्याला पदर लागला.

मेव्हणा काझींना सांगायला निघाला. मौलाभाईंनी त्याला थांबवलं, टोपी सारखी केली आनि भरल्या मंडपात सोता गेले.