ट्रस्टचा निकाल मी लावला

आमच्या घराण्याचा ट्रस्ट मी माझ्या एकट्याच्या अकलेने बंद केला. मदत कुणाचीच घेतली नव्हती, त्यामुळे श्रेयाला वाटेकरी नाहीत.

नातवंडांत भांडणं नकोत म्हणून आजोबांनी सुलतान बाजारातलं कापडाचं दुकान ट्रस्टमध्ये घातलं होतं. नातवंडं मग कायदेशीररीत्या भांडू लागली. शेवटी बरकतपुऱ्यात सुमनआत्याच्या घरी बैठक भरली. दुकान विकायचं, पैसे वाटायचे आणि ट्रस्ट बंद करायचा, असं ठरलं. विश्वस्त आत्या आणि मी. (आत्या सही करायची, मी डोकं चालवायचो. तिची सही अजून उत्तम आहे.)

"टॅक्सचं काय?" आत्यानं विचारलं. "रावगारूंना एकदा विचारून घे की."

रावगारू म्हणजे गल्लीतले सीए. त्यांची फी ऐकून मी हसून परत आलो होतो. जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला टॅक्स कोण समजावणार?

"आत्या, ट्रस्टच उरला नाही तर नोटीस पाठवतील कुणाला?"

"हौ, दादाचं बरोबर आहे," धाकटा चुलतभाऊ मुकुंद म्हणाला. त्याला गाडी घ्यायची होती, त्यामुळे त्या दिवशी त्याला माझं सगळंच पटत होतं.

दुकान विकलं. सगळे पैसे वाटून टाकले, खातं बंद केलं, पेढे वाटले. आत्यानं पाटल्या केल्या, मुकुंदनं गाडी घेतली, मी बाल्कनीला काचा बसवल्या.

मग नोटीस आली. ट्रस्टच्या नावानं, आणि खाली विश्वस्त म्हणून माझं नाव. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी मुकाट्यानं रावगारूंकडे गेलो.

"अय्यो सर, दुकान ट्रस्टनं विकलं, म्हणजे नफ्यावरचा टॅक्स ट्रस्टचा. तेवढे पैसे बाजूला ठेवून मग वाटायचं असतं."

"पण ट्रस्टकडे आता काहीच नाही."

"तुमच्याकडे आहे ना?" त्यांनी अत्यंत आदरानं विचारलं. पैसे न राखता वाटणाऱ्या विश्वस्ताच्या खिशातून वसुली होते, हे त्यांनी चहा पाजून समजावलं.

मी मुकुंदला गाठलं.

"लाइट लो, दादा, एवढं मनावर घेऊ नको. ट्रस्ट बंद झाला म्हणून कळवून टाक."

"त्यांना माहीत आहे. मीच कळवलंय."

"मग पुन्हा कळव," असं म्हणून तो नव्या गाडीत बसून निघून गेला.

मग मी आत्याकडे गेलो. तिनं सगळं ऐकून घेतलं, पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या आणि मुकुंदला फोन लावला. "सराफाकडे जायचंय. गाडी घेऊन ये. आणि येताना चेकबुक आण."

मुकुंद निमूट आला. टॅक्स भरला गेला. प्रत्येकानं आपापला वाटा थेट रावगारूंकडे नेऊन दिला. माझ्या हातात द्यायला कुणी तयार नव्हतं. माझ्या वाट्यापायी माझी मुदतठेव मोडली, कारण बसवलेल्या काचा कुणी परत घेत नाही.

परवा भाचीच्या लग्नात आहेराची वर्गणी गोळा करायची होती. मी उत्साहानं पुढे झालो.

"तू फक्त जेवायला ये," आत्या म्हणाली.

गेलो. जबाबदारी नसली की दोन जिलब्या जास्त जातात.