मरीचा पट्टा

तुरीचं वाळलेलं झाड दिसलं की साहेब उकिडवे बसत. चष्मा कपाळावर सरकवत, बुडख्याजवळ खोडाची साल अंगठ्याच्या नखानं उभी सोलत आणि आतली काळसर रेघ आम्हाला दाखवत. मग गुडघ्यावर हात ठेवून उठत आणि म्हणत, "गेलं बिचारं. चला, पुढं."

डॉक्टरनं वॉर्डातून फेरी मारावी तशी ती फेरी असे. फक्त हा डॉक्टर आपल्या रोग्यांना मुद्दाम आजारी पाडत होता.

तुमच्यापैकी ज्यांनी शेतकी कॉलेजात चार वर्षं काढली असतील, त्यांना असे एखादे सर आठवतील. आमचे हे सर कॉलेजात नव्हते. लोहाऱ्याहून सास्तूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर कॉलेजचं एक संशोधन केंद्र होतं, तिथले ते प्रमुख. केंद्र म्हणजे काळी जमीन, एक विहीर, बैलांचा गोठा, विद्यार्थ्यांसाठी पत्र्याची लांबट खोली आणि साहेबांचा दोन खोल्यांचा बंगला. शेवटच्या वर्षाची मुलं हंगामात तिथं राहायला येत. मी त्याच कॉलेजातून पास होऊन त्यांच्या हाताखाली लागलो. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण कचेरीतल्या कपाटांवर अजून उर्दू अक्षरं होती. साहेब मला नावानं कधी हाक मारत नसत. "असिस्टंट, छत्री घ्या," असं म्हणत आणि स्वतः बिनछत्रीचे निघत.

त्यांचं काम तुरीच्या मर रोगावर. हा रोग मातीत राहतो. पीक फुलोऱ्यात येईपर्यंत हिरवंगार दिसतं आणि एके दिवशी उभ्या उभ्या माना टाकतं. साहेबांनी रस्त्यालगतचा एक पट्टा निवडून त्यात वर्षानुवर्षं तुरीवर तूर घेतली होती, मेलेली झाडं तिथंच गाडली होती. माती पुरती रोगट करून टाकली होती. तिथं देशभरातून आणलेलं वाण पेरायचं, मरेल ते मरू द्यायचं आणि जे झाड जगेल त्याचं बी धरायचं, असा तो उद्योग. जगलेल्या झाडांच्या फुलांवर मलमलच्या पिशव्या बांधायच्या, म्हणजे मधमाश्या दुसऱ्या झाडाचा पराग आणत नाहीत. रस्त्यानं जाणाऱ्या बायका हसायच्या. "साहेबानं तुरीला बुरखा घातलाय गं."

गावात त्या जमिनीला 'मरीचा पट्टा' म्हणत. शेजारच्या बांधाला शिवलिंगाप्पा नावाचा म्हातारा शेतकरी होता. तो आपली बैलं त्या पट्ट्याच्या कडेनंसुद्धा नेत नसे, लांबून वळसा घालायचा. मला एकदा म्हणाला, "तुमचा साहेब लई शिकल्याला हाय, पर मरी पाळतोय. ज्येला पोटाशी धरावं, त्येच आपल्याला धरतंय."

गंमत अशी, की त्या सगळ्या मुलखात साहेबांशी मनापासून बोलणारा तोच एक होता. कारण दोघांची घरची भाषा कानडी. संध्याकाळी साहेब बांधाच्या अलीकडं आणि शिवलिंगाप्पा पलीकडं, असे उभे राहून बोलत. तेवढ्या वेळात साहेब खळखळून हसत. इतर वेळी त्यांचं हसणं मी फारसं ऐकलं नाही.

भाषेनं त्यांची फार ओढाताण केली. आई कानडी बोलली, शाळा उर्दूत झाली, हैदराबादेत शेतीही ते उर्दूतूनच शिकले. आता अहवाल इंग्रजीत लिहायचा आणि मुलांना मराठीत शिकवायचं. मुळाला ते 'जड' म्हणत, तुरीच्या 'मिजाजा'वर तासभर बोलत. लिंगाचं तर त्यांनी सोडूनच दिलं होतं. "या वर्षी तूर चांगला आलाय," म्हणाले की मागच्या रांगेतून कुणीतरी विचारी, "सर, तूर आला की आली?"

"आल्याशी मतलब," साहेब म्हणत आणि पुढं बोलू लागत.

मुलांनी त्यांना 'हकीम' नाव ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं. एकदा एका मुलाला थंडीताप भरला, तर स्वतः काढा घेऊन पत्र्याच्या खोलीत आले. दारात उभे राहून म्हणाले, "हकीम आलाय, आत येऊ?" खोलीत कुणाला हसावं की मान खाली घालावी कळेना. तो मुलगा बरा होईतो ते त्याच्या उशाशी बसत. पण मुलं आपसांत गप्पा मारायला लागली की हळूच उठून जात. आपण असलो की पोरांचं बोलणं थांबतं, हे त्यांना कळत असे.

बायको आणि मुलगी गुलबर्ग्याला, बायकोच्या माहेरी. भाषावार प्रांत झाले तेव्हा अधिकाऱ्यांना कुठल्या राज्यात जायचं ते विचारलं होतं. साहेबांना म्हैसूर राज्यात, घराजवळ, जागा मिळत होती. त्यांनी घेतली नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, "माझी बदली होईल हो. मातीची कशी होणार? अशी माती तयार व्हायला उमर जाते."

बाईसाहेब एकदाच आल्या. दिवाळीनंतरचे दिवस, पट्ट्यात झाडं माना टाकायला लागली होती. साहेबांनी त्यांना हौसेनं सगळं फिरवून दाखवलं. एक मेलेलं झाड, मग दुसरं, मग तिसरं. खोड सोलून रेघ दाखवली. बाईसाहेब डोक्यावरचा पदर सावरत ऐकत होत्या. शेवटी कानडीत काहीतरी बोलल्या. साहेब हसले आणि हसता हसता थांबले.

बाई बंगल्याकडं गेल्यावर मी बांधापलीकडच्या शिवलिंगाप्पाला विचारलं, "काय म्हणाल्या?"

तो जरा घुटमळला. "बाई म्हनल्या, मरत्यालं तर बघताव तुम्ही. जी जगत्यात त्येंच्याकडं कोन बघायचं?"

त्या दुसऱ्या दिवशी परत गेल्या. पुढं मुलीचं लग्न झालं. साहेब चार दिवसांची रजा घेऊन जाऊन आले आणि आम्हाला पेढे वाटताना सांगू लागले, "मांडवात एका पाहुण्यानं मला विचारलं, आपण कुणाकडचे? मी म्हटलं, मुलीकडचा. तो म्हणाला, बसा बसा, जेवून जा." सांगताना ते हसत होते. आम्हीही हसलो.

बी हळूहळू जमत होतं. एका ओळीची, म्हणजे एकाच जगलेल्या झाडाच्या वंशातली, झाडं त्या मेल्या मातीत वर्षामागून वर्ष उभी राहू लागली. अशात कॉलेजात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला आणि साहेबांना बोलावणं आलं. त्यांनी आठवडाभर बसून या बियांच्या छोट्या छोट्या कापडी पुरचुंड्या बांधल्या. "माझी मुलं आता सगळ्या जिल्ह्यांत आहेत," ते मला म्हणाले. "प्रत्येकानं आपल्याकडं थोडं पेरून बघितलं, तर काम झालं."

मी सोबत गेलो होतो. मंडप, हारतुरे, जुने दोस्त एकमेकांच्या पाठीवर थापा मारतायत. साहेबांच्या पाया पडायला रांग लागली. प्रत्येकाच्या हातात पुरचुंडी देत ते विचारत, "तुमच्याकडं तुरीचं कसं?" आणि समोरचा सांगे, "सर, माझी बदली झाली," किंवा "सर, क्वार्टर मिळालं." पंगत बसली. बॅचवार घोळके झाले आणि साहेब कुठल्याच बॅचचे नव्हते. मी त्यांच्या शेजारी बसलो.

जेवणानंतर ते दिसेनात. शोधत मंडपात गेलो, तर रिकाम्या बाकांमधून वाकून फिरत होते. बाकांवर, बाकांखाली राहिलेल्या पुरचुंड्या गोळा करून धोतराच्या ओच्यात घेत होते. मला बघून म्हणाले, "विसरले असतील. अशा वेळी गडबड असते."

परत आल्यावर ते बी तसंच कोनाड्यात पडून राहिलं असतं. पण त्या वर्षी शिवलिंगाप्पाच्या शेतात मर शिरली. अर्धी तूर बसली. तो पहिल्यांदा बांध ओलांडून आमच्याकडं आला, पागोटं काढून बंगल्याच्या पायरीवर बसला. त्या दिवशी तो मराठीत बोलला, बहुतेक मीही ऐकावं म्हणून.

"साहेब, तुमी मरी पाळली म्हणून म्या लई बोललो. आता तुमच्यातलं जगल्यालं बी द्याल का?"

साहेबांनी कोनाड्यातल्या सगळ्या पुरचुंड्या त्याच्या पंच्यात ओतल्या. एकही ठेवली नाही. एवढ्या वर्षांत त्यांच्याकडं कुणी काही मागितल्याचं मी पहिल्यांदाच बघत होतो.

पुढच्या उन्हाळ्यात जीप आली. उतरले ते साहेबांचे एक जुने विद्यार्थी, आता मोठे अधिकारी. ते माझ्या आधीचे, त्यामुळं मी त्यांना पत्र्याच्या खोलीत चिखलाचे पाय धुताना बघितलं नव्हतं, पण साहेब त्यांच्या हुशारीच्या गोष्टी नेहमी सांगत. ते पाया पडले. ओसरीवर चहा आला.

"सर, आता संकरित ज्वारी आलीय. तिचा नमुना-प्लॉट या केंद्रावर घ्यायचा ठरलंय. रस्त्यालगतचा पट्टा."

साहेब म्हणाले, "मागचा घ्या. ज्वारीला काय, माती तीच आहे."

"मोठी मंडळी बघायला यायची आहेत. रस्त्यावरून जाताना त्यांना मेलेलं पीक कसं दाखवायचं, सर?"

"मेलेलं नका दाखवू. जी उभी राहिली ती दाखवा." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "एक हंगाम द्या मला. ओळ स्थिर होत आलीय."

"मला समजतं सर, मी तुमच्याच हाताखाली शिकलो. पण वरून ठरलंय."

"वर म्हणजे कोण?"

अधिकाऱ्यांनी कपाकडं बघितलं. "सध्या मीच आहे, सर."

मग साहेब म्हणाले, "चहा घ्या. थंड होतोय."

ट्रॅक्टर यायच्या दिवशी सकाळी मी पोचलो, तर साहेब पट्ट्यात बसून खुरप्यानं माती उकरत होते आणि रॉकेलच्या रिकाम्या डब्यांत भरत होते. मी काही न विचारता दुसरं खुरपं घेतलं. मुलं आली, त्यांनीही डबे उचलले. त्या दिवशी 'हकीम' म्हणायची कुणाची छाती झाली नाही. ओसरीच्या कडेनं डब्यांची रांग लागली आणि पावसाळ्यात त्यांत पट्ट्यातल्या शेवटच्या हंगामाच्या बियांची तूर उगवली. खुजी, किडमिडी तूर. पण रोग मेला नव्हता, आणि ती ओळही.

ज्वारी जोमदार आली, हे खरंच सांगायला हवं. कणसं पाहून आम्हीही हरखलो. मोठी मंडळी आली, फोटो निघाले. कुणीतरी ओसरीकडं बोट करून विचारलं, "त्या डब्यांत काय लावलंय?"

"सरांचा छंद आहे," अधिकारी म्हणाले. प्रेमानंच म्हणाले. साहेब मागच्या रांगेत होते, त्यांनी ऐकलं.

त्याच सालच्या शेवटी ते निवृत्त झाले. तेव्हा शिवलिंगाप्पाच्या शेतात त्यांची तूर कमरेच्या वर उभी होती. पुढं ते बी त्यानं पाव्हण्यांना दिलं, पाव्हण्यांनी शेजाऱ्यांना. जळकोटाच्या बाजूपर्यंत लोक ती पेरत. सरकारदरबारी त्या वाणाला नाव नाही, नंबर नाही. शेतकरी नुसतं 'साहेबाची तूर' म्हणत. कुठल्या साहेबाची, ते विचारलं तर सांगता येत नसे.

मी एकदा गुलबर्ग्याला त्यांना भेटायला गेलो. घर भरलेलं होतं. सासुरवाडीची माणसं, नातवंडं, सगळ्यांची लगबग. सगळे त्यांना मान देत होते आणि वळसा घालून जात होते. बाईसाहेबांनी मला जेवू घातलं. साहेब मला माडीवर घेऊन गेले आणि दार लोटून म्हणाले, "असिस्टंट, जरा बोला. मराठीत बोला. काहीही."

मी सास्तूरचा बाजार सांगितला, विहिरीचं पाणी सांगितलं, नव्या मुलांची टवाळी सांगितली. ते डोळे मिटून ऐकत होते.

निघताना ते स्टँडवर पोचवायला आले. उमरग्याच्या गाडीचा कंडक्टर त्यांना बघून हसला. "या साहेब. आज तर पाव्हणं दिसतंय सोबत." त्याच्याच बोलण्यातून मला कळलं, की ही गाडी लागते त्या वेळी ते रोज इथं येतात. उतरणाऱ्या माणसांना विचारतात, तिकडं पाऊस कसा, तुरी कशा. कुणी सांगतं, कुणी घाईनं पुढं जातं.

गाडी सुटली. मी खिडकीतून मागं बघितलं. ते हात करायचं विसरून एका फेटेवाल्याच्या बोचक्याला हात लावून त्याला काहीतरी विचारत होते.

वर्ष-दीड वर्षानं उमरग्याच्या स्टँडवर तोच कंडक्टर भेटला. त्यानंच मला ओळखलं.

"तुमचं साहेब येईनात आता," तो म्हणाला. "थंडीच्या दिसांत गेले म्हनं. तुमाला कळलं न्हाय व्हय?"

मला कुणी कळवलं नव्हतं. त्यांच्या घरी माझा पत्ता कुणाकडं असणार?

कंडक्टरनं घंटीची दोरी हातात धरली, पण ओढली नाही. "काय व्हतंय बगा," तो म्हणाला, "तिकडं गाडी लागली, की समदे उतरत्यात अन् जात्यात. कोन कायबी इचारत न्हाय."