आमसुलांचं गाऱ्हाणं

मी प्रयोगशाळेत कार्बनचे अतिसूक्ष्म कण बनवते. बिनमिठाच्या आमसुलांचं पाणी बंद भांड्यात तासन्‌तास तापवलं की ते तयार होतात, आणि नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चखाली धरले की निळे चमकतात. कधीतरी ते शरीरात सोडून कॅन्सरची गाठ नेमकी कुठवर पसरलीय ते पाहता यावं, औषधही थेट तिथे पोचवता यावं, यासाठी आमचा सगळा खटाटोप. अजून आमची मजल उंदरांपर्यंतही गेलेली नाही.

बाबांच्या पोटात गाठ निघाली आणि आमसुलं निवडायचं काम त्यांनी माझ्याकडून काढूनच घेतलं. साकीनाक्याच्या वर्कशॉपात लेथवर आयुष्य गेलेला माणूस, घाटकोपरच्या आमच्या खिडकीत बसून एकेक साल उजेडाला धरायचा. मीठ लागलेलं दिसलं की गावच्या काकांना फोन करून झापायचा. "औषधाचा काम आसा, चेष्टा नाय."

"बाबा, हे तुमच्यासाठी नाहीये. अजून कितीतरी वर्षं लागतील," मी सांगून सांगून थकले. चिडलेसुद्धा. ते मान हलवायचे आणि पुढचं साल उचलायचे. खरं तर राग त्यांचा नव्हताच. डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि मी बनवत होते त्याचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता.

फारच हट्ट धरला म्हणून एका दुपारी छोटी बाटली घरी नेली. आईने पडदे ओढले. मी टॉर्च मारला. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग भिंतीला धरून उठले, टोपी घातली आणि हात जोडून गाऱ्हाणं घालू लागले, गावच्या देवळात घालतात तसं.

"बा देवा म्हाराजा, माज्या चेडवान ह्यो उजेड केल्यान हा, तेका यश दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली.

"आणि येत्या जत्रेक माका तुज्या पायाकडे उभो कर रे म्हाराजा."

आता आईचा आवाज फुटेना. डॉक्टर काय म्हणाले ते तिनेही ऐकलं होतं. गाऱ्हाण्याला कुणीतरी हो म्हणावंच लागतं, नाहीतर ते अर्धंच राहतं. बाबा हात जोडून माझ्याकडे बघत थांबले होते. मी देवाबिवाच्या भानगडीत कधी पडत नाही.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

जत्रेच्या आधीच बाबा गेले. काकांनी यंदाही आमसुलं पाठवली, बिनमिठाची. खिडकीत बसून ती निवडताना मला रडू आवरत नाही.